जान्हवीचं ‘आयकतंय’

माझी भाची जान्हवी आनंद झाला की उभ्याने जेवते. ताट हातात, पाय दारात आणि तोंड चालू. हे मी ती शाळेत असल्यापासून बघतेय. आता ती पवईच्या एका कंपनीत फोनवरची ॲपं बनवते, हाताखाली माणसं आहेत, ऑफिसात म्हणे सगळे तिला दबकून असतात. पण घाटकोपरला भटवाडीतल्या घरी आली की तीच जुनी कार्टी. मी कांदिवलीला राहते. मेट्रो बदलून भावाकडे पोचले की जिन्यातूनच मला कळतं, आज पोरीचं काही जमलंय का बिनसलंय. मधलं तिच्याकडे काही नसतंच.

गेल्या थंडीत एकदा गेले, तर ती पाटावर बसून गपगुमान जेवत होती. मी मनात म्हटलं, वाट लागली.

“काय झालं गं?”

“आते, प्रबुद्धची आई विचारतेय, तुझ्या घरच्यांना कधी भेटायचं म्हणून.”

प्रबुद्ध तिच्या ऑफिसातला. मला तिने तो आधीच दाखवला होता, स्टेशनबाहेर उसाचा रस पिताना. शांत मुलगा, हसला की डोळे मिटतात. सहा डिसेंबरला दादरला पाणी वाटायला उभ्या राहणाऱ्या घरातला. आमच्या मंडळींत यावर कोण काय कुजबुजणार हे मला तोंडपाठ होतं, आणि त्यातल्या एकेकाचं तोंड बंद करायला मी एकटी पुरे होते. माझी सगळी नोकरी म्युनिसिपालिटीच्या प्रसूतिगृहात गेलीय, मी कुजबुजीला भीक घालत नाही. जान्हवीलाही त्यांची पर्वा नव्हती. तिला फक्त तिच्या बाबांचा होकार हवा होता. आणि बाबांना हे सांगायचं कसं, तेच तिला कळत नव्हतं.

तिचे बाबा म्हणजे माझा धाकटा भाऊ नंदू. साकीनाक्याला पत्रा कापणाऱ्या प्रेसवर त्याने जन्म काढला आणि निवृत्त व्हायच्या आतच त्याचे कान गेले. कानात घालायचं मशीन आहे, पण ते लावलं की पंखाही ओरडतो म्हणतो, त्यामुळे मशीन कपाटात असतं. बहिऱ्या माणसाच्या घरात काय होतं, हे बाहेरच्यांना नाही कळायचं. सगळं ओरडून सांगावं लागतं. जेवायला वाढू का, लाइट बिल भरलं का, गॅसचा नंबर लावला का, हे ओरडून चालतं. पण काही गोष्टी ओरडून सांगता येत नाहीत, मग त्या राहूनच जातात. जान्हवी बापाशी हळू आवाजात शेवटचं कधी बोलली होती, हे तिलाही आठवत नव्हतं.

“मी सांगते त्याला,” मी म्हटलं.

“तू? आते, तू हळू बोललीस तरी चौथ्या मजल्यावर जातं.”

“मग मेसेज लिहून पाठव ना. वाचतो की तो.”

“लिहिला होता. चार वेळा लिहिला, चार वेळा पुसला. लिहिलं की रजेचा अर्ज वाटतो गं. आणि बाबांना काहीही लिहून पाठवलं की ते फक्त हात जोडल्याचं चित्र पाठवतात. पगार वाढला, हात जोडले. ताप आलाय, हात जोडले. यावर पण तेच आलं तर मी काय समजू?”

तिच्या आईने, वनमालाने, “बाबांचं तुमचं तुम्ही बघा, माझी ना नाही,” म्हणून आधीच अंग काढून घेतलं होतं. मी चहा ठेवायला उठले, तेवढ्यात मला पूजेचं आठवलं आणि मी सहज विषय काढला. म्हटलं, यंदा गाऱ्हाणं कोण घालणार?

आता हे सांगायला हवं. आमचं आडनाव घाडी. तळकोकणातल्या आमच्या गावात देवळात गाऱ्हाणं घालायचा मान घाडींचा. गाऱ्हाणं घालायचं म्हणजे देवापुढे उभं राहून सगळ्या गावाच्या वतीने त्याच्याशी बोलायचं. याच्या पोराला नोकरी दे, तिच्या गुडघ्याला आराम दे, त्यांचं घराचं काम मार्गी लाव. प्रत्येक मागणीला जमलेले लोक “व्हय म्हाराजा!” म्हणतात. गावाच्या मुंबई मंडळाची पूजा दर सव्वीस जानेवारीला भटवाडीतल्या एका हॉलमध्ये होते, तिथे आरतीनंतर नंदू गाऱ्हाणं घालतो. आधी लोक एकेक करून त्याच्या कानाशी येतात आणि आपलं मागणं सांगून जातात. गाऱ्हाणं घालणाऱ्याने ते निमूट ऐकायचं. कुणाचं मागणं परतवायचं नाही, कुणावर रागवायचं नाही, तोंडसुद्धा वाकडं करायचं नाही. आमच्यात हे सगळे पाळतात.

गेल्या पूजेला लोक कानाशी बोलत राहिले आणि नंदू नुसती मान डोलवत राहिला. उभा राहिला तेव्हा सांगायला त्याच्याकडे कुणाचंच काही नव्हतं. “सगळ्यांका सुखी ठेव रे म्हाराजा,” एवढं म्हणून त्याने आटोपलं. मंडळाचे सेक्रेटरी अंबादास म्हणाले, पुढच्या वर्षी तुमच्या चुलत भावाच्या नितेशला उभा करू, तोही घाडीच आहे. नंदूने त्यालाही मान डोलवली.

हे सगळं जान्हवीला माहीतच होतं. पण मी बोलत असताना तिचा घास हातात राहिला. मग ती उठली. ताट घेऊन उठली! मला एवढं बरं वाटलं म्हणून सांगू.

“आते, लोकांनी मागणी व्हॉइस मेसेजने पाठवायची! आपल्याकडे टाइप कोण करतंय, सगळे बोलूनच तर पाठवतात. बाबांच्या फोनवर माझं ॲप ते बोलणं लिहून दाखवणार. बाबा वाचणार आणि गाऱ्हाणं घालणार. आणि त्या सगळ्यांच्या मागण्यांत माझी एक!”

“आणि गाऱ्हाणं घालणाऱ्याने रागवायचं नसतं,” मी म्हटलं.

“नसतंच!” ती म्हणाली आणि डाळ माझ्या साडीवर सांडली.

काही म्हणा, डोकं आहे पोरीला. लबाड आहे, पण डोकं आहे.

मग ती आणि प्रबुद्ध कामाला लागले. मालवणी बोललेलं यंत्राकडून लिहून घ्यायचं, ते अवघड काम त्यांनी कसं केलं त्यातलं मला काही कळत नाही. गावातल्या आमच्या शांताबाई काकीला त्यांनी मुद्दाम फोनवर खूप बोलायला लावलं, एवढं ठाऊक आहे, आणि त्यासाठी तिला फारसा आग्रह करावा लागला नाही. ॲपचं नाव जान्हवीने ठेवलं ‘आयकतंय’. मी ऐकतोय, म्हणून. नाव ऐकून मीच गहिवरले.

नंदू मात्र सरळ नाही म्हणाला.

“माका नवीन काय शिकवू नको,” तो म्हणाला. “ॲप उघडा, मगे ता दाबा, मगे ह्या दाबा, माका जमाचा नाय.”

फोनमधलं त्याला एकच छान जमतं. आलेला मेसेज दाबून धरायचा आणि शेअर करायचा. शेअर दाबलं की खालून नावं वर येतात, त्यातल्या एकावर बोट ठेवायचं. फुलांची चित्रं आणि पुतण्यांचे वाढदिवस तो दिवसभर असेच इकडून तिकडे पाठवत असतो. जान्हवी म्हणाली, झकास, तुम्ही तेवढंच करा. तुम्ही शेअर दाबा, माझं ॲप त्या नावांत येऊन उभं राहील.

ते तिथे येतं कसं, हे तिने मला समजावलं. फोनमधल्या प्रत्येक ॲपला आपल्या एका फाइलीत आधीच जाहीर करावं लागतं, की माझा हा भाग फोटो घेतो, हा भाग आवाज घेतो, हा भाग पत्ता दिला तर नकाशा उघडतो. आपण काही शेअर करायला गेलो की फोन सगळ्यांनी जाहीर केलेली कामं बघतो आणि ज्यांना ते झेपतं तेवढीच नावं पुढे करतो. ज्याने जाहीर केलं नाही, तो कितीही हुशार असो, फोनच्या लेखी तो नाहीच.

“म्हणजे भंगारवाल्यासारखं,” मी म्हटलं. “तो खालून ओरडतो, रद्दी, पत्रा, लोखंड. लोखंड म्हणालाच नाही, तर मोडका स्टोव्ह घेऊन कोण कशाला खाली उतरेल?”

“आते, तू ऑफिसला ये, माझ्या पोरांना शिकव!” तिने माझा गालच ओढला.

पहिल्यांदा ॲप नंदूच्या फोनमध्ये घातलं, तेव्हा आम्ही तिघी त्याच्याभोवती उभ्या. वनमाला तर हात पुसत पुसत आली. नंदूने काकीचा मेसेज दाबला, शेअर केलं, नावं वर आली. आयकतंय कुठेच नाही! नंदू आमच्याकडे बघतोय, आम्ही जान्हवीकडे. ती मटकन खाली बसली, लॅपटॉप मांडीवर. थोड्या वेळाने ओरडली, “मूर्ख आहे मी!” तिने गाण्यांच्या फाइली असतात तो आवाजाचा प्रकार जाहीर केला होता. व्हॉइस मेसेज वेगळ्या प्रकारचा आवाज म्हणून येतो. फोनला वाटलं, हिला हे चालत नाही.

मग घाईत तिने काय केलं, तर जाहीरच करून टाकलं की मला सगळं चालतं. आवाज, चित्र, कागद, काय वाटेल ते. झालं! नंदू जे शेअर करायला जाईल तिथे आयकतंय पुढे. त्याने कौतुकाने गुलाबाच्या फुलांचं सुप्रभात त्यात पाठवलं. मग विजेचं बिल पाठवलं. ॲप बिचारं गुलाबाचं काय ऐकणार? ते गपकन बंदच पडलं. नंदू म्हणाला, “ह्येका झेपणा नाय, तर ह्यो मधी मधी येता कित्याक?”

मला हसू आवरेना, पण त्याचं बरोबर होतं. आमच्या मंडळात असे दोघे-तिघे आहेत. कुठलंही काम निघालं की मी करतो, मी करतो, आणि पूजेच्या दिवशी केळीचे खांबसुद्धा आलेले नसतात. जान्हवीने बापाकडे बघून कान पकडले आणि फाइलीत दुरुस्ती केली. आवाज घेणार, कुठल्याही प्रकारचा असू दे. आवाज सोडून काही नाही. त्यानंतर मात्र ते व्यवस्थित चाललं. गुलाब शेअर केला की आयकतंय गायब, बोलणं शेअर केलं की हजर.

अंबादासांना पटवायला मी गेले. ते म्हणाले, “करा, पण पूजेत घोळ नको प्रेमाताई. मी नितेशला तयार ठेवतो.” नितेश कागदावर लिहून आणून वाचणार होता. देवाशी बोलताना कागद! मी चहासुद्धा न घेता उठले.

सव्वीस जानेवारीची सकाळ उजाडली. मंडळाच्या ग्रुपवर आधीच सांगितलं होतं की मागणं असेल ते बोलून नंदू घाडींच्या फोनवर पाठवा. जान्हवी आणि वनमाला हॉलवर गेल्या, एक रांगोळीला, एक प्रसादाच्या शिऱ्याला. मी नंदूबरोबर घरी. तो अंघोळ करून, पांढरा लेंगा-सदरा घालून पलंगावर बसला होता आणि फोन नुसता वाजत होता, म्हणजे मला वाजत होता, त्याला थरथरत होता. तो एकेक मेसेज दाबायचा, शेअर करायचा, वाचायचा. मुलुंडच्या भाच्याला परदेशी जायचा व्हिसा हवाय. बोरिवलीच्या सुनेला मूल हवंय. गावातल्या कुणाचा बैल आजारी आहे. वाचता वाचता नंदूचा चेहरा असा काही उजळत होता! मला वाचून दाखवायचा, “प्रेमा, ह्या बघ, ह्येची बायको परत इली!” सगळ्या जगाची खबरबात त्याला इतकी वर्षं कुणी सांगितलीच नव्हती. आम्ही त्याला फक्त महत्त्वाचं तेवढं ओरडून सांगत होतो आणि वाटत होतं, पुरे झालं. माझे डोळे भरून आले.

आणि मग शांताबाई काकीचा मेसेज आला. मेसेज कसला, मेसेजची माळ. आमची गावाकडची माणसं एका दमात बोलतच नाहीत. थोडं बोलायचं, मग बटण सोडून कोंबडीवर ओरडायचं, परत बोलायचं, परत कुणाला तरी हाक मारायची. मीही तशीच, जान्हवीही तशीच. काकीचे पाच-सहा तुकडे आले होते, एकात तर नुसतं “शिरा पडली तुझ्या तोंडार,” कोंबडीला. नंदू टापटिपीचा माणूस. त्याने ते सगळे तुकडे एकदम निवडले, एका माणसाचं मागणं एकत्र वाचावं म्हणून, आणि शेअर दाबलं.

आयकतंय नाही.

परत केलं. नाही. त्याने माझ्याकडे बघितलं आणि फोन पालथा घातला.

“गेला,” तो म्हणाला. “नितेशाक सांगा.”

“अरे थांब!” मी ओरडले.

“काकीचाच सोडून बाकीच्यांचा सांगू? तसा नाय करूचा, प्रेमा. घालूचा तर सगळ्यांचा घालूचा.”

तेही खरंच. मी त्याचा फोन उचलून गॅलरीत गेले आणि माझ्या फोनवरून जान्हवीला लावला. तिला म्हटलं, तुझं ॲप पळून गेलं. ती हॉलवरूनच विचारायला लागली, काय केलं, कुठे दाबलं. “आते, एकच तुकडा निवड बघू.” मी निवडला, आयकतंय आलं! “आता दोन निवड.” गेलं! मी सांगितलं आणि पलीकडून अशी किंकाळी आली की मला वाटलं समई पडली.

“समजलं! आते, समजलं! बाबांना सांग, कुठे जाऊ नका!”

पूजा सुरू झालेली, आणि ही पोरगी साडी वर खोचून भटवाडीच्या रस्त्याने धावत घरी आली. बोटं रांगोळीने लाल-हिरवी. लॅपटॉप उघडला, सगळ्या बटणांवर रंग. बोलतेय, टाइप करतेय, हसतेय. “एक वस्तू पाठवणं आणि अनेक वस्तू एकदम पाठवणं, ही फोनसाठी दोन वेगळी कामं आहेत! मी पहिलंच जाहीर केलं होतं, दुसरं केलंच नव्हतं! तपासायला सगळ्यांकडून मेसेज मागवले, तेव्हा म्हटलं नीट, एका दमात बोला. आणि सगळे माझ्यासाठी शहाण्यासारखे बोलले! आपली माणसं अशी बोलतात का कधी? मला माहीत नव्हतं का? मीच तुकड्या-तुकड्यांनी पाठवते!”

“मग जाहीर कर ना लवकर,” मी म्हटलं.

“केलं. ते दोन ओळींचं काम. पण नुसतं जाहीर करून काय, आलेलं सगळं नीट घ्यायलाही हवं.” तिने प्रबुद्धला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन डब्याला टेकवून उभा केला. तो म्हणाला, तुकडे उलटसुलट येऊ शकतात, आधीचा आधी लावून घे. दोघं भराभर बोलत होते, अर्धं वाक्य हा बोलायचा, अर्धं ती पुरं करायची. नंदू पलंगावरून पुढे वाकून बघू लागला. पडद्यावरच्या मुलाने ते बघितलं, बोलणं थांबवलं, खाली वाकून काहीतरी खरडलं आणि कागद कॅमेऱ्यासमोर धरला. मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, “नमस्कार काका. आत्ता होईल.” नंदूने तो शांतपणे वाचला. मग त्याने हात जोडले, खरेखुरे, आणि परत मागे टेकून बसला.

आणि झालं! नंदूने काकीचे सगळे तुकडे निवडले, शेअर दाबलं, आयकतंय आलं. वाचलं, तर काकीचं मागणं अखंड, कोंबडीसकट. तिच्या नातवाला बारावीत पास व्हायचं होतं. आम्ही दोघी पलंगावर बसल्या बसल्या उड्या मारत होतो. जान्हवीने डब्यातला लाडू उचलला आणि उभ्यानेच खाल्ला.

मग तिने फोन उचलला, मला खूण केली आणि जिन्यात गेली. मी दार लोटून घेतलं, पण प्रसूतिगृहातले कान आहेत माझे. ती फोन तोंडाशी धरून अगदी हळू बोलत होती, लहान असताना बापाच्या कुशीत शिरून बोलायची तशी. एका दमात नाहीच. बोलायची, थांबायची, परत बोलायची. शब्द मला ऐकू आले नाहीत आणि मी तशी कान देऊन उभीही राहिले नाही. थोडी राहिले.

आत नंदूच्या हातात फोन थरथरला. त्याने जान्हवीचं नाव बघितलं, तुकडे निवडले, शेअर केलं आणि वाचायला लागला. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत बसले. पण गाऱ्हाणं घालणाऱ्याने तोंड वाकडं करायचं नसतं, आणि सरळही करायचं नसतं बहुतेक. तो शेवटपर्यंत वाचून गेला, मग परत पहिल्यापासून वाचलं, चष्मा पुसला, फोन सदऱ्याच्या खिशात टाकला आणि म्हणाला, “चला.”

हॉलवर आरती संपतच आली होती. अंबादासांनी आमच्याकडे बघून भुवया उंचावल्या, मी नितेशच्या हातातल्या कागदाकडे बघून, तो नको म्हणून मान जोरात हलवली. नंदू पुढे जाऊन उभा राहिला. हात जोडले, डोळे मिटले.

“बा देवा म्हाराजा! आज ही जी काय तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली आसत...”

काय सांगू! गेल्या वर्षीचा नंदू तो नव्हेच. फोन खिशात. सगळं डोक्यात. व्हिसा, बोरिवलीची सून, आजारी बैल, परत आलेली बायको ती कायमची राहू दे म्हणून, काकीचा नातू. एकामागून एक, नावं घेऊन, गाव घेऊन. प्रत्येक मागणीनंतर डोळे किलकिले करायचा, लोकांचे कपाळाला लागलेले हात बघून ‘व्हय’ झालं हे ओळखायचा आणि पुढे जायचा. “व्हय म्हाराजा!” तर असं घुमत होतं की हॉलचा पत्रा वाजत होता. नितेशसुद्धा कागद घडी करून खिशात घालून ओरडत होता. माझा घसा बसला.

आणि मी वाट बघत होते. जान्हवी माझ्या शेजारी, तिने माझं मनगट घट्ट धरलेलं. आता घेईल, आता घेईल. एकेक मागणं जात होतं. मग नंदू म्हणाला, “चुकला-माकला पदरात घे, सगळ्यांका सांभाळ रे म्हाराजा!” आणि शेवटचं “व्हय म्हाराजा!” झालं. संपलं. जान्हवीचं मागणं त्याने घातलंच नव्हतं.

माझं मनगट सुटलं. तिच्याकडे बघायचा मला धीर होईना. कुणाचं मागणं परतवायचं नाही, हा आमचा नियम, आणि सख्ख्या बापाने मुलीचंच परतवलं! माझं डोकं फिरलं. मी पदर खोचला आणि पुढे निघाले, देवापुढेच त्याला विचारायला.

पण नंदूच आमच्याकडे येत होता. लोक पाया पडायला वाकत होते, त्यांना बाजूला करत तो थेट जान्हवीसमोर येऊन उभा राहिला. बहिऱ्या माणसाला आपला आवाज केवढा आहे ते कळत नाही. तो आपल्या समजुतीने तिच्या कानात हळूच बोलला, आणि शिऱ्याच्या पातेल्यापाशी उभी असलेली वनमाला हातातला डाव तसाच धरून थांबली. सगळ्या हॉलच्या माना वळल्या.

“गो बाय, तुजा गाऱ्हाणा मी देवाक घातलंय नाय. देव म्हणतलो, ह्या तुझ्या हातातला काम, माका कित्याक सांगतंस? माझ्या हातातला आसा ता. मी व्हय म्हणतंय.”

जान्हवी रडायलाच लागली. ती काहीतरी बोलत होती, ते त्याला ऐकू येत नव्हतं आणि आम्हालाही कळत नव्हतं. नंदूने तिच्या रंगीत बोटांवर हात ठेवला आणि तसंच, सगळ्या घाटकोपरला ऐकू जाईल असं हळूच विचारलं,

“आयतवारी जेवूक बोलय तेका. माशे खाता मां?”